तुमचे प्रश्न : अ‍ॅस्ट्रोफिजिक्सला जायचंय, पण रस्ता कुठून?

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त आकाशाकडे बघणारी निघाली, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत, रागावू नका. पत्रं थोडी कापली आहेत, नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी बारावी सायन्सला आहे, पीसीएम ग्रुप. दहावीपर्यंत मराठी मीडियम. शाळेत असताना एकदा दुर्बिणीतून शनीची कडी बघितली तेव्हापासून डोक्यात तेच आहे आणि मला ब्लॅक होलवर रिसर्च करायचाय. घरचे म्हणतात आधी इंजिनिअरिंग कर मग काय ते बघ. नक्की कुठली डिग्री घ्यायची, कुठल्या परीक्षा द्यायच्या? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. आणि मराठी मीडियममुळे अडेल का?

उत्तर : आधी एक काम कर, अ‍ॅस्ट्रोफिजिक्स असं नाव असलेली डिग्री शोधणं बंद कर. बारावीनंतर लगेच त्या नावाचा कोर्स कुणी देत असेल तर नावावर भुलू नकोस, आत फिजिक्सचे आणि मॅथ्सचे किती पेपर आहेत ते बघ, कारण पुढे पीएच.डी.च्या इंटरव्ह्यूला समोरचे लोक तुला नक्षत्रांची नावं विचारत नाहीत, ते फळ्यावर एक लाकडी ठोकळा आणि उतार काढतात आणि म्हणतात सांग.

वाटा बऱ्याच आहेत. आयसर म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्र सरकारच्या संस्था, त्यांचा पाच वर्षांचा बीएस-एमएस, त्यासाठी आयएटी नावाची परीक्षा. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस, यांच्यासाठी नेस्ट. तिरुवनंतपुरमची आयआयएसटी, ही अंतराळ विभागाची, तिथे जेईई अ‍ॅडव्हान्स्डवरून जातात. बंगळुरूची आयआयएससी आहेच. आणि एक वाट जिला लोक उगाच नाकं मुरडतात ती म्हणजे आपली साधी बी.एस्सी. फिजिक्स, मग जॅम देऊन आयआयटीत नाहीतर एखाद्या चांगल्या विद्यापीठात एम.एस्सी. माझं मत विचारशील तर आयसर मिळालं तर उत्तम कारण तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच प्रोजेक्ट करायला मिळतात, पण नाही मिळालं म्हणून वर्ष वाया घालवून परत परत परीक्षा देत बसण्यात मला अर्थ वाटत नाही, बी.एस्सी. चांगली कर. त्यानंतर पीएच.डी., त्यासाठी जेस्ट, नेट, टीआयएफआरची स्वतःची परीक्षा, पुण्याच्या आयुकाची आयनॅट, यातलं काही ना काही द्यावं लागतं. पात्रतेचे नियम दर वर्षी थोडे इकडेतिकडे होतात म्हणून त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच, क्लासवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ नकोस.

फिजिक्स फिजिक्स का करतेय मी? तुला ब्लॅक होल हवंय ना, मग खगोलशास्त्रज्ञ एस. चंद्रशेखरांचं बघ. १९३० साली १९ वर्षांचा हा मुलगा बोटीने इंग्लंडला निघाला होता आणि बोटीवर बसून गणित करत होता. त्याच्याकडे दुर्बीण नव्हती, नवा फोटो नव्हता, काही नव्हतं. पांढरे बटू म्हणजे इंधन संपून आक्रसलेले तारे, त्यांच्या पोटातले इलेक्ट्रॉन इतके दाबले गेलेत की त्यांचा वेग प्रकाशाच्या जवळ जातो, मग तिथे सापेक्षतावाद लावायला नको का, एवढाच प्रश्न त्याने धरला आणि उत्तर आलं की साधारण सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाच्या वर असा तारा तग धरूच शकत नाही, तो आतल्या आत कोसळतो. पुढे एडिंग्टनसारख्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने भर सभेत त्याची खिल्ली उडवली, नोबेल मिळायला १९८३ उजाडलं. म्हणजे बघ, क्वांटम, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स आणि रिलेटिव्हिटी हे तीन विषय, जे बी.एस्सी.-एम.एस्सी.ला मुलं रडत रडत पास करतात, त्यांच्यातूनच ब्लॅक होलचा दरवाजा उघडला.

आता तुला आजपासून करता येईल असं काम सांगते. गुरू रात्री दिसतोय असा काळ बघ, १० बाय ५० ची द्विनेत्री कुणाकडून तरी उसनी आण आणि ती स्टँडला किंवा गच्चीच्या कठड्याला नीट टेकव, हातात धरून हलते आणि मग काही दिसत नाही. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतील, ते त्याचे चंद्र. रोज रात्री वहीत एक रेघ काढायची, मध्ये गुरू, आणि ठिपके कुठे आहेत ते गुरूच्या रुंदीच्या किती पट लांब असं अंदाजाने मांडायचं, तारीख वेळ टाकायची. कुठला ठिपका कोण हे सुरुवातीला फोनवरच्या स्टेलॅरियममध्ये ताडून बघितलंस तरी चालेल. तीन-चार आठवडे नेटाने केलंस, ढगाळ दिवस गेले तर गेले, तर गॅनिमिड साधारण ७.१५ दिवसांनी आणि कॅलिस्टो १६.७ दिवसांनी परत त्याच जागी येतो हे तुझ्याच वहीतून निघेल. आता केप्लरचा तिसरा नियम काढ. गॅनिमिड गुरूपासून सुमारे १०.७ लाख किलोमीटरवर, कॅलिस्टो १८.८ लाखांवर. अंतरांच्या गुणोत्तराचा घन कर, काळांच्या गुणोत्तराचा वर्ग कर, दोन्हीकडे ५.४ च्या आसपास येतं. आणि मग न्यूटनचा गुरुत्व स्थिरांक जी घालून गुरूचं वस्तुमान काढ, पृथ्वीच्या जवळपास ३१८ पट यायला हवं. तुझं २८० आलं किंवा ३५० आलं तर फार बरं, कारण मग चूक कुठून आली हे शोधावं लागेल, अंतराचा अंदाज चुकला की वेळ नीट लिहिली नव्हती की एका रात्री भलताच ठिपका धरला. ते शोधताना मजा आली तर तू या क्षेत्रातली आहेस असं समजायला हरकत नाही, आणि कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं. खऱ्या रिसर्चमध्ये निम्मा वेळ हेच चालतं.

मराठी मीडियमचं म्हणशील तर पहिलं वर्ष जड जातं, शब्द अडतात, वर्गात हात वर करायला लाज वाटते, मग सुटतं. गणिताला मीडियम नसतं. आणि इंजिनिअरिंग करूनही या क्षेत्रात येता येतं, खाली एका पत्रात ते येईलच, पण तुला आत्ताच इतकं पक्कं माहीत असेल तर चार वर्षं वळसा कशाला.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा अकरावीला आहे आणि त्याने जाहीर केलंय की तो खगोलशास्त्रज्ञ होणार. मी त्याच्या विरोधात नाही पण यात करिअर म्हणजे नक्की काय असतं? पगार कधी सुरू होतो? आम्ही मध्यमवर्गीय माणसं, मुलगा तिशीपर्यंत शिकतच राहिला तर कसं?

उत्तर : तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळच सांगते. अठराव्या वर्षी सुरुवात धरा, पाच वर्षं एम.एस्सी.पर्यंत, मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस झाले. त्यानंतर पोस्टडॉक, दोन-तीन वर्षांचं एकेक काँट्रॅक्ट, बहुतेक वेळा परदेशात आणि बहुतेक वेळा एकाहून जास्त. पर्मनंट नोकरी लागते तेव्हा पस्तिशी जवळ आलेली असते, आणि लागेलच अशी खात्री कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर.

पण एक गैरसमज खूप जणांचा असतो की पीएच.डी. म्हणजे आई-बापाने फी भरत राहायचं. तसं नाही. चांगल्या संस्थेत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की फेलोशिप सुरू होते, २०२३ पासून ज्युनिअर फेलोला महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी सीनिअर झाल्यावर ४२,००० असा दर आहे, हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. त्याचे इंजिनिअर झालेले मित्र तोवर बरंच जास्त कमवत असतील, गाडी घेतील, लग्नं होतील, आणि नातेवाईक विचारतील की अजून शिकतोच आहे का हो. हा त्रास खरा आहे, तो मुलापेक्षा घरच्यांनाच जास्त होतो.

मध्येच सोडून दुसरीकडे जावं लागलं तर? तर हात रिकामे नसतात. पीएच.डी.पर्यंत पोरगा पायथॉन कोळून प्यायलेला असतो, गोंगाटातून सिग्नल वेगळा काढणं, संख्याशास्त्र, मोठमोठ्या डेटाशी झटापट, हे सगळं बँकांना, डेटा सायन्सच्या कंपन्यांना, मेडिकल इमेजिंगवाल्यांना लागतं. आज आपण घरोघरी वापरतो त्या वायफायच्या मुळाशी असलेलं एक महत्त्वाचं तंत्र ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांकडून आलंय, ते लोक स्फोट पावणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे रेडिओ सिग्नल शोधत होते. ते सिग्नल मिळाले नाहीत, तंत्र मात्र कामी आलं.

तुम्ही एकच करा, दर सहा महिन्यांनी "मग पुढे काय ठरवलंस" विचारू नका.

प्रश्न : बी.एस्सी. सेकंड इयर फिजिक्स, आत्तापर्यंत ५८ टक्के. कॉलेजमध्ये अ‍ॅस्ट्रोचं काहीच नाही, लॅबमधली अर्धी उपकरणं बंद. माझं संपलं का? आणि रिसर्चवाले दिवसभर नेमकं करतात काय, सारखे दुर्बिणीतून बघतात का?

उत्तर : संपलं नाही, पण ५८ वर थांबलास तर काही अर्जांच्या चाळणीतच पडशील त्यामुळे पुढची सेमिस्टर्स गंभीरपणे घे. मेकॅनिक्स आणि ईएम थिअरी पुन्हा पहिल्यापासून कर, उदाहरणं सोडवून, नुसतं वाचून नाही. एंट्रन्सना टक्क्यांपेक्षा तेच जास्त लागतं.

कॉलेजात काही नाही ही अडचण आता पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही कारण डेटा फुकट आहे. आकाशाचा नकाशा काढणारा स्लोन सर्व्हे, ताऱ्यांच्या जागा मोजणारा गाया उपग्रह, आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटचा जुना डेटा, सगळं कुणालाही डाउनलोड करता येतं. गायाने मिळून एक अब्जाहून जास्त ताऱ्यांची मोजमापं दिली आहेत. त्यातून कृत्तिकेचे, म्हणजे त्या सहा-सात ताऱ्यांच्या पुंजक्याचे तारे निवड, रंग एका अक्षावर आणि तेजस्वीपणा दुसऱ्यावर असा आलेख काढ. जे पुंजक्यातले नाहीत, नुसते त्या दिशेला दिसतात, ते कसे गाळायचे हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येईल, मग अंतर आणि सरकण्याची दिशा वापरून गाळशील, मग आलेखात एक सुंदर तिरकी पट्टी उमटेल. हे झालं की एक छोटं दोन पानी टिपण लिही आणि तेच जोडून उन्हाळी प्रोजेक्टसाठी अर्ज कर. आयुका, पुण्याचीच रेडिओ खगोलशास्त्राची संस्था एनसीआरए, सायन्स अकॅडमींची समर फेलोशिप, असे बरेच कार्यक्रम आहेत. प्राध्यापकांना मेल करताना "रिस्पेक्टेड सर आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट युनिव्हर्स" असलं लिहू नकोस रे, असे मेल त्यांना रोज येतात. "मी कृत्तिकेचा हा आलेख काढला, इथे असं का दिसतंय ते कळलं नाही" असं लिही, उत्तर यायची शक्यता बरीच वाढते.

दुर्बिणीला डोळा लावून बसणारे आता हौशी लोकच. लडाखमधल्या हानलेची २ मीटरची दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून सॅटेलाइट लिंकवर चालवतात, निरीक्षक तिथे थंडीत कुडकुडत नाही. दिवस जातो तो कोड लिहिण्यात, कोड का चालत नाही हे शोधण्यात, दुर्बिणीचा वेळ मिळावा म्हणून प्रपोजल लिहिण्यात आणि इतरांचे पेपर वाचण्यात. जोसलिन बेल बघ, १९६७ साली केंब्रिजला पीएच.डी. करत होती. आधी दोन वर्षं शेतासारख्या मैदानात खांब ठोकून तारा ओढून स्वतः अँटेना उभारण्यात गेली, मग रोज जवळपास ३० मीटर लांब कागदाचा रोल डोळ्यांनी तपासायचा. त्यात बोटाच्या पेरापेक्षाही छोटी एक खरखर तिला दिसली जी ना ताऱ्याची वाटत होती ना पृथ्वीवरच्या गडबडीची. दुसऱ्या कुणी सोडून दिली असती. तिने मागचे रोल काढून बघितलं तर आकाशाच्या त्याच भागात ती पुन्हा होती, कागद भरभर सोडून नोंद घेतली तर १.३३ सेकंदाला एक असे ठोके. तो पहिला पल्सार, म्हणजे गरागरा फिरत ठराविक ठोक्यांनी रेडिओ सिग्नल पाठवणारा मेलेला तारा. १९७४ चं नोबेल तिच्या गाइडला मिळालं, तिला नाही, यावर लोक अजून भांडतात आणि भांडायलाच हवं. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचं बक्षीस मिळालं ते तिने सगळंच्या सगळं विद्यार्थ्यांच्या पीएच.डी.साठी देऊन टाकलं.

प्रश्न : मी आयटीत आहे, वय ३१, बी.ई. कॉम्प्युटर. लहानपणीचं स्वप्न राहून गेलं. आता वळता येईल का की उशीर झाला?

उत्तर : पीएच.डी.ला वयाची भीती बाळगू नका, फेलोशिपच्या वयोमर्यादा मात्र तपासा. काही संस्था बी.ई., बी.टेक.वाल्यांचेही अर्ज घेतात, पण परीक्षा फिजिक्सची असते आणि तिथे तुमचा नोकरीचा अनुभव कुणी मोजत नाही. नोकरी सोडायच्या आधी संध्याकाळी बसून एक वर्ष फिजिक्स करून बघा, राजीनामा नंतर.

दुसरा मार्ग मला तुमच्यासाठी जास्त बरा वाटतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० डिश, काही मध्यभागी आणि बाकीच्या वाय आकारात २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. तीसही डिशचे सिग्नल एकाच वेळी आणून जुळवणं हे काम इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअरवाल्यांचंच आहे. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत एसकेए नावाचा जो प्रचंड रेडिओ प्रकल्प उभा राहतोय त्यातलं दुर्बिणीचं नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरचं मोठं काम भारताकडे आहे. अशा संस्थांत इंजिनिअरच्या जागा निघतात, त्यावर लक्ष ठेवा. आणि नुसतं शनिवार-रविवारचं समाधान हवं असेल तर रॅड अ‍ॅट होम म्हणून भारतातला नागरिक-विज्ञान उपक्रम आहे, त्यात घरबसल्या जीएमआरटीच्या नकाशांमधल्या विचित्र दीर्घिका शोधायला शिकवतात.

प्रश्न : कुठला टेलिस्कोप घेऊ? ५०० पट मोठं दिसतं असं लिहिलेला एक ऑनलाइन पाहिलाय.

उत्तर : तो घेऊ नका. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जेवढा त्याच्या दुपटीच्या वर मोठं करून काही उपयोग नसतो, ६० मिलिमीटरचं भिंग असेल तर १२० पट, पुढे नुसता अंधुक गोळा. आधी द्विनेत्री, आणि आधी एखाद्या हौशी मंडळाच्या आकाशदर्शनाला जा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून चालू आहे.

प्रश्न : आजोबा सगळ्यांना सांगतात नात ज्योतिषी होणार, पत्रिका बघेल. त्यांना कसं समजावू?

उत्तर : समजावू नकोस, एक गोष्ट सांग. जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींबरोबर एक चाचणी घेतली होती, हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखा म्हटलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते. आजोबा हसले तर जिंकलीस.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मी शिकून तयार होईपर्यंत दहा-बारा वर्षं जातील, तोवर सगळे शोध लागून गेले असतील तर? आणि भारतात राहून काही करता येईल का?

उत्तर : हे पत्र मला सगळ्यात आवडलं. काळजी करू नकोस, विश्वात जे काही आहे त्यातलं आपल्याला माहीत असलेलं साधं द्रव्य फक्त ५ टक्क्यांच्या आसपास आहे, उरलेलं डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी, म्हणजे आपण नावं ठेवलीत पण ते आहे काय ते कुणालाच माहीत नाही. तुझ्या वाट्याचं भरपूर शिल्लक आहे.

उलट तू अगदी योग्य वेळी येतोयस. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे हेलकावे, पहिल्यांदा पकडल्या १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेतल्या लायगो या डिटेक्टरने. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका फरक मोजायचा. असाच तिसरा लायगो आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने सुमारे २,६०० कोटींना मंजुरी दिली. तो इथे का हवा याचं कारण साधं आहे, लहर जगातल्या वेगवेगळ्या डिटेक्टरना मिलिसेकंदांच्या फरकाने पोचते, त्या फरकावरूनच ती आकाशाच्या कुठल्या भागातून आली ते काढतात, आणि डिटेक्टर एकमेकांपासून जितके दूर तितकी जागा नेमकी सापडते. मग बाकीच्या दुर्बिणी वेळेत तिकडे वळवता येतात. हे उभं राहून नीट चालायला लागेल तेव्हा तू पीएच.डी.च्या वयाचा असशील, आणि तिथे फक्त अ‍ॅस्ट्रोवाले लागणार नाहीत, लेसर, निर्वात पोकळी, कंपनं थोपवणं, कंट्रोल सिस्टिम, सगळ्याची माणसं लागणार.

दुसरी एक बातमी लोकांच्या नजरेतून सुटली. २०२३ च्या जूनमध्ये जगभरच्या गटांनी एकदम सांगितलं की एका हेलकाव्याला कित्येक वर्षं लागतात अशा खूप संथ गुरुत्वीय लहरींचे पुरावे मिळाले आहेत, त्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या असाव्यात. त्या पकडल्या पल्सारचे ठोके वर्षानुवर्षं मोजून, आणि त्यात युरोपच्या गटाबरोबर आपल्या जीएमआरटीचा डेटा होता. म्हणजे भारतात राहून काही करता येईल का याचं उत्तर खोडदच्या शेतांमध्ये उभं आहे. चिलीमधल्या रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये पहिले फोटो दिले, ८.४ मीटरचा आरसा आणि ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, दहा वर्षं तेच आकाश पुन्हा पुन्हा टिपायचं. त्या ढिगाऱ्यातून वेगळं काही हुडकायला माणसं कमीच पडणार आहेत.

तुला या वर्षी करता येण्यासारखं म्हणजे खगोलशास्त्र ऑलिम्पियाडची पहिली पायरी, एनएसईए. २०२५ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा मुंबईतच झाली होती. निवड नाही झाली तरी चालेल, जुने पेपर काढून सोडव, त्यातला डेटा अ‍ॅनालिसिसचा भाग विशेष, आणि अडलेला एक प्रश्न मला पाठव, पुढच्या अंकात आकृतीसकट सोडवून देते.